उरलेली हवा

पहिल्या वर्षाच्या मुलांना दरसाल सांगते:
कितीही जोरात सोडा श्वास,
पोट पाठीला लागेपर्यंत सोडा,
सव्वा लिटर आत राहतेच.
हे यंत्र ती मोजू शकत नाही.
मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतंच,
"मॅडम, परीक्षेला येतं का?"
येतं. दोन मार्कांना.

गेनबा भिंताडे होता तेव्हा
या प्रयोगशाळेला कंदिलाचा वास होता.
चकचकीत कागद ड्रमवर गुंडाळून
तो रॉकेलच्या धुरावर फिरवायचा.
काजळी कशी बसली पाहिजे, म्हणायचा,
सायीसारखी. ना जाड, ना फाटकी.
बेडकाची पिंढरी टाचली, विजेचा एक टोला दिला,
की त्या काळ्यावर पांढरी टेकडी उमटायची,
पर्वतीचं पोर म्हणावं अशी.
लाखेत बुडवून ते कागद
दोरीवर वाळत पडायचे, घरच्या कपड्यांसारखे.
बेडूक तोच आणायचा, मांजरीच्या मळ्यांतून,
ओल्या गोणपाटात.
आणि मारायच्या वेळी बाहेर जाऊन तंबाखू मळायचा.
"आपल्याला बघवत नाय, बाई.
तुमचं शिकवून झालं की हाक मारा."

आता बेडूक नाहीत. बरं झालं.
पडद्यावर एक हिरवी रेघ उडी मारते,
दमत नाही, चुकत नाही,
आणि मुलांना वाटतं, स्नायू असाच असतो.

संशोधनाला मी मिरची घेतली.
म्हणजे मार्केट यार्डातली मिरचीची गल्ली,
जिथं ब्याडगी न् गुंटूरच्या पोत्यांखालून
आधी पाय येतात, मग माणूस.
सकाळी सहाला, यंत्र स्कूटरच्या पायाशी.
चौसष्ट हमाल, चौसष्ट संमतीपत्रं,
त्यातले एकोणीस अंगठे.
नाकाला चिमटा, नळीवर ओठ घट्ट.
ओढा, ओढा, ओढा,
आता सोडा, अजून, अजून, थांबू नका, अजून.
ओरडून माझाच दम जायचा.

हौशीराम थिटे. वय एकावन्न. उंची एकशे साठ.
एकतीस वर्षं पाठीवर पोतं.
चिमटा त्यानं स्वतःच काढला.
"पास का नापास?"
नॉर्मलपेक्षा जरा कमी आहे, मी म्हटलं.
"नॉर्मल कुणाचं?"

काय सांगणार होते मी?
की पुस्तकातला माणूस सत्तर किलोचा आहे,
थंड मुलखात जन्मलाय, पोतं उचलत नाही,
आणि आपला हिशेब काढताना
त्याच्यातून दहा टक्के वजा करायची पद्धत आहे.
तेच सांगितलं. दुसरं सुचलं नाही.
तो हसला, मग खोकला, बराच वेळ.
"म्हंजे कडता कापला म्हणा की."

माझ्या प्रबंधात कडता हा शब्द नाही.
नमुना संख्या: त्रेसष्ट.
पहिल्या सेकंदात खोकला आला
तर ती फुंकर धरत नाहीत, असा नियम आहे,
नियम चांगला आहे, मीच मुलांना शिकवते.
पुन्हा मोजायला गेले तेव्हा मुकादम म्हणाला,
गावाकडं गेला.
कुठलं गाव, ते त्याला माहीत नव्हतं.
मीही संमतीपत्रावर विचारलं नव्हतं.

काल प्रात्यक्षिकाला आफरीन इनामदार म्हणाली,
"मॅडम, ती आत उरलेली हवा,
ती जुनीच असते का? लहानपणची वगैरे?"
मुलं हसली.
मी म्हटलं, नाही, बदलते.
दर श्वासाला थोडी थोडी.
पण सगळी एकदम, कधीच नाही.
तिनं हे लिहून घेतलं नाही.
खिडकीबाहेर मेट्रोच्या खांबावर घार बसली होती,
तिकडं बघत राहिली.

मग मी यंत्राची पेटी उघडली
आणि शिंकले. एकदा, दोनदा, सलग पाच वेळा.
सातवं वर्ष आहे.
किती पुसली ती पेटी,
बिजागरीत अजून मिरची आहे.